न विचारता बदललेला ब्राउझर: इंटरनेट एक्स्प्लोररचं २०११-१२ चं प्रकरण

१५ डिसेंबर २०११ रोजी मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की जानेवारीपासून ऑस्ट्रेलिया आणि ब्राझीलमधल्या विंडोज संगणकांवरचा इंटरनेट एक्स्प्लोरर (आयई) आपोआप नव्या आवृत्तीवर जाईल. विंडोज एक्सपी असेल तर आयई ८, व्हिस्टा किंवा विंडोज ७ असेल तर आयई ९. बाकीच्या देशांची पाळी पुढे टप्प्याटप्प्याने येणार होती. संगणकावर विंडोजचं ऑटोमॅटिक अपडेट चालू असलं पाहिजे, ही मुख्य अट. नवी आवृत्ती याआधीही याच वाटेने यायची, पण येताना एक खिडकी उघडून विचारायची की आता बसवू, नंतर विचारू, का नकोच. ही खिडकी काढून टाकायची, एवढाच काय तो बदल.

आज फोनवरची सगळी अ‍ॅप्स रात्रीतून स्वतःच बदलतात, त्यामुळे तेव्हा यावर एवढी चर्चा का झाली हे नव्या वाचकाला कळणार नाही. तरीही मी हे प्रकरण मुद्दाम अभ्यासाला घेतलं आहे. ब्राउझर कधी आणि किती बदलायचा हे कुणी ठरवायचं, हा प्रश्न इथे फार स्वच्छपणे समोर आला. मायक्रोसॉफ्टने त्याला दिलेलं उत्तर माझ्या मते बऱ्याच अंशी बरोबर होतं. पुढच्या काही वर्षांत कंपनी स्वतःच त्या उत्तरापासून दूर गेली, आणि बाकीचा ब्राउझरउद्योगही गेला.

पाच वर्षं जागचा न हललेला ब्राउझर

आयई ६ ऑगस्ट २००१ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी पोचला. नेटस्केप हा प्रतिस्पर्धी ब्राउझर हरलेला होता, समोर कुणी उरलं नव्हतं. आयई ७ यायला ऑक्टोबर २००६ उजाडलं. या पाच वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांनी आपली आतली कामं, म्हणजे रजेचे अर्ज, साठ्याच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, आयई ६ मध्ये चालतील अशाच बेताने बांधून घेतली. आयई ६ मध्ये एखादी गोष्ट चुकीची दिसत असेल, तर ती चूक गृहीत धरून पानं लिहिली गेली. आयईमध्येच चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्हएक्स नावाच्या तंत्रावर दक्षिण कोरियातली जवळजवळ सगळी ऑनलाइन बँकिंग उभी राहिली. आपल्याकडे ई-निविदा भरणं आणि डिजिटल स्वाक्षरी लावणं यांसारख्या कामांसाठी कितीतरी वर्षं ‘इंटरनेट एक्स्प्लोररच वापरा’ अशी सूचना पानाच्या तळाशी असायची.

मराठी वाचकाचा यात वेगळा असा एक संबंध होता. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींसाठीची एकच सामाईक संकेतपद्धत, रुळण्याआधी बऱ्याच मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं स्वतःच्या फॉन्टमध्ये असायची. पान उघडलं की फॉन्ट आपसूक उतरायचा आणि मजकूर देवनागरीत दिसायचा. हे ज्या तंत्राने होई ते मायक्रोसॉफ्टचं होतं आणि ते इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालायचं. तेच पान फायरफॉक्स या दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडलं की रोमन अक्षरं, टिंबं आणि विचित्र चिन्हं यांची खिचडी समोर यायची. काही जाणकार लोक पद्मा नावाचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवून ती खिचडी युनिकोडमध्ये बदलून घेत. पण सकाळी चहाबरोबर बातम्या वाचणाऱ्या माणसाने एवढा खटाटोप का करावा? म्हणून ‘आयई सोडा, फायरफॉक्स घ्या’ हा सल्ला इंग्रजी वाचकाला सोपा होता तितका मराठी वाचकाला नव्हता. तो ज्या ब्राउझरवर होता तोच नवा आणि सुरक्षित करून देणं, हाच त्याच्या दृष्टीने उपयोगाचा मार्ग होता.

जानेवारी २०१०

१२ जानेवारी २०१० रोजी गूगलने सांगितलं की चीनमधून आलेल्या एका हल्ल्यात आपल्या यंत्रणेत शिरकाव झाला आणि कंपनीची बौद्धिक संपदा चोरीला गेली. लक्ष्य झालेली गूगल ही एकटी नव्हती, अडोबीसह इतरही कंपन्या त्यात होत्या. मॅकअ‍ॅफी या सुरक्षा कंपनीने या हल्ल्याला ‘ऑरोरा’ हे नाव दिलं. शिरकावाची एक वाट इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या एका त्रुटीतून गेली होती. वापरून झालेली आणि परत केलेली मेमरीची जागा ब्राउझर पुन्हा वापरायला जातो, आणि मधल्या वेळात त्या जागी हल्लेखोराने आपला माल भरून ठेवलेला असतो, अशा जातीची ती त्रुटी होती. आयई ६, ७ आणि ८ तिन्हींत ती सापडली, पण प्रत्यक्ष हल्ले यशस्वी होत होते ते आयई ६ वर.

जर्मनीच्या आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनी नागरिकांना सांगितलं की दुरुस्ती येईपर्यंत इंटरनेट एक्स्प्लोरर वापरू नका. मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या नेहमीच्या दुसऱ्या मंगळवारची वाट न पाहता २१ जानेवारीला तातडीचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, काढला. ही त्रुटी कंपनीला सप्टेंबर २००९ पासून माहीत होती आणि दुरुस्ती फेब्रुवारीत देण्याचं ठरलं होतं, हेही तेव्हा उघड झालं.

पॅच आला की प्रश्न सुटला, असं बाहेरून वाटतं. खरी गडबड तिथून सुरू होते. जुनी फाइल आणि दुरुस्त केलेली फाइल शेजारी शेजारी ठेवून कुठे काय बदललं हे तपासलं, की भोक नेमकं कुठे होतं ते जाणकाराला कळतं. म्हणजे प्रत्येक पॅच हा न लावणाऱ्यांवरच्या हल्ल्याचा नकाशाच असतो. विंडोजच्या बाबतीत हे कॉनफिकर नावाच्या किड्याने, म्हणजे संगणकावरून संगणकावर स्वतःच पसरणाऱ्या प्रोग्रामने, दाखवून दिलं होतं: पॅच २३ ऑक्टोबर २००८ ला आला, किडा नोव्हेंबरमध्ये फिरू लागला, आणि त्याने भारतासह जगभरातले लाखो संगणक गाठले ते दुरुस्ती हाताशी असताना. ‘मी सावकाश लावेन’ म्हणणारा माणूस पॅच येण्याआधी जितका धोक्यात असतो, त्याहून पॅच आल्यानंतर जास्त धोक्यात असतो. अपडेटवरच्या चर्चेत ही गोष्ट फार कमी वेळा बोलली जाते.

पॅच आणि नवी आवृत्ती

इथे एक फरक नीट पाहायला हवा, कारण सगळा वाद त्यावर उभा आहे. एक्सपीवरच्या आयई ६ ला सुरक्षेचे पॅच एप्रिल २०१४ पर्यंत मिळत राहिले. मग आयई ६ वापरणारा माणूस पॅच लावत असेल, तर त्याला आयई ८ वर ढकलायचं कारण काय? ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये साधारण हाच युक्तिवाद केला. सरकारी खात्यांनी आयई ६ सोडावा म्हणून हजारोंच्या सह्यांचा अर्ज आला, तेव्हा उत्तर मिळालं की सगळे पॅच लावलेला आयई ६ आणि बाहेरचं संरक्षण मिळून पुरेसं आहे, आणि सगळी कामं नव्या ब्राउझरवर तपासून घेण्याचा खर्च फार मोठा आहे.

हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण पॅचने सापडलेलं भोक बुजतं. पुढचं भोक सापडेल तेव्हा त्याचा फायदा उठवणं अवघड व्हावं, अशी रचना पॅचने येत नाही. ती नव्या आवृत्तीतच येते. मेमरीच्या ज्या भागात फक्त माहिती असायला हवी तिथून आज्ञा चालवू न देणारं संरक्षण एक्सपीच्या तिसऱ्या सर्व्हिस पॅकवर आयई ८ मध्ये आपोआप चालू असायचं. आयई ६ आणि ७ मध्ये ते आपोआप चालू नव्हतं. ऑरोराचा हल्ला आयई ६ वर चालला आणि आयई ८ वर अडखळला, याचं एक मोठं कारण हे. फसव्या पानांची सूचना देणारं स्मार्टस्क्रीन आणि एका पानातून दुसऱ्या पानाच्या नावाने घुसवलेली स्क्रिप्ट अडवणारी चाळणी हेही आयई ८ बरोबर आलं.

एक्सपीवरचा आयई ८ म्हणजे काही किल्ला नव्हता. व्हिस्टापासून ब्राउझरला कमी अधिकारात डांबून ठेवण्याची सोय होती, ती एक्सपीला कधीच मिळाली नाही, आणि आयई ९ तर एक्सपीवर बसतच नव्हता. तरी ६ वरून ८ वर जाणं ही खरी सुधारणा होती. दिखाऊ बदल नव्हता तो.

क्रोमने घालून दिलेला पायंडा

सप्टेंबर २००८ मध्ये गूगलने क्रोम आणला तेव्हा वेगाची चर्चा जास्त झाली. माझ्या मते त्याचं सर्वांत दूरगामी वैशिष्ट्य मागे गुपचूप चालणारा अपडेटर हे होतं. क्रोम वापरकर्त्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये बसायचा, त्यामुळे प्रशासकाचा पासवर्ड लागत नसे. नवी आवृत्ती पार्श्वभूमीत उतरायची आणि ब्राउझर पुढच्या वेळी उघडला की लागू व्हायची. कुणालाही काही विचारलं जात नव्हतं.

याचा परिणाम काय झाला हे २००९ मध्ये गूगल स्वित्झर्लंडचे थॉमस ड्युबेंडॉर्फर आणि झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाचे स्टेफान फ्राय यांनी मोजलं. नवी आवृत्ती निघाल्यापासून तीन आठवड्यांत ती किती लोकांपर्यंत पोचते? क्रोम ९७ टक्के, फायरफॉक्स ८५ टक्के, सफारी ५३ टक्के, ऑपेरा २४ टक्के. फायरफॉक्स विचारून अपडेट व्हायचा. ऑपेरात तेव्हा जवळजवळ सगळी प्रक्रिया नव्याने करावी लागे. यातला एक लेखक गूगलचा होता आणि आकडे गूगलच्या सर्व्हरवरच्या नोंदींतून आले होते, हे लक्षात ठेवून वाचायला हवं. पण ९७ आणि २४ यांतली दरी हितसंबंधांनी झाकली जाण्यासारखी नाही. इंटरनेट एक्स्प्लोरर या मोजणीत नव्हता, कारण तो संकेतस्थळाला आपली फक्त मुख्य आवृत्ती सांगतो; कुठला पॅच लागला आहे ते त्यावरून कळत नाही.

आपल्यासाठी आणखी एक बाब महत्त्वाची होती. भारतात तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, आणि महिन्याच्या डेटाला मर्यादा असायची. आयई ८ ची प्रत १६ एमबीच्या आसपास. क्रोमच्या अभियंत्यांनी २००९ मध्ये जुन्या आणि नव्या आवृत्तीतला फक्त फरक पाठवण्याची एक युक्ती काढली. त्यांनी दिलेल्या उदाहरणात संपूर्ण अपडेट १,०३,८५,९२० बाइटचं होतं, नेहमीच्या पद्धतीने काढलेला फरक ७,०४,५१२ बाइटचा, आणि नव्या पद्धतीने ७८,८४८ बाइटचा. अपडेट न लावण्यामागे हट्टापेक्षा फोनचं बिल असतं, हे ज्याने ओळखलं त्याचं मला कौतुक वाटतं.

निर्णयात काय काय होतं

या पार्श्वभूमीवर डिसेंबर २०११ चा निर्णय आला. मार्च २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच आयई ६ निरोपाची मोहीम सुरू केली होती. तेव्हा त्यांनी दिलेल्या आकड्यांत जगातला १२ टक्के वापर आयई ६ चा होता, चीनमध्ये तर एक तृतीयांशाहून अधिक. भारतही १२ टक्क्यांच्या आसपासच होता. विनवण्या करून लोक हलत नाहीत, हे दिसत होतं.

निर्णयातल्या चार गोष्टी मला जपून ठेवण्यासारख्या वाटतात.

ज्यांनी आधी त्या खिडकीत ‘नको’ असं उत्तर दिलं होतं, त्यांना नवी आवृत्ती आपोआप मिळणार नव्हती. हा या प्रकरणाचा गाभा आहे. वर्षानुवर्षं जुन्या आवृत्तीवर असलेल्या माणसांत दोन प्रकार होते. एकाने विचार करून नकार दिला होता, कदाचित त्याचं एखादं काम जुन्यावरच चालत होतं म्हणून. दुसऱ्याने कधी काहीच म्हटलं नव्हतं. खिडकी आली की ‘नंतर’ दाबायचा, किंवा खिडकीत काय लिहिलंय तेच त्याला कळत नव्हतं. दोघांच्या संगणकावर आयई ६ च दिसतो, पण दोघांची इच्छा एक नाही. काहीच न म्हणणाऱ्याला सुरक्षित बाजूला न्यायचं आणि नकार देणाऱ्याला हात लावायचा नाही, ही विभागणी मायक्रोसॉफ्टने केली. याहून न्याय्य विभागणी मला सुचत नाही.

नवी आवृत्ती आली तरी मुखपृष्ठ, शोधयंत्र आणि मुख्य ब्राउझर कुठला हे जसंच्या तसं राहणार होतं. म्हणजे फायरफॉक्स वापरणाऱ्याच्या संगणकात आयई ९ आला म्हणून दुवे आयईमध्ये उघडू लागणार नव्हते. सुरक्षेच्या निमित्ताने बाजारातला वाटा वाढवायचा मोह इथे आवरला गेला.

आलेली आवृत्ती काढूनही टाकता येत होती, आणि विंडोजबरोबर आलेल्या मूळ आवृत्तीला मदत चालू राहणार होती.

आणि कंपन्या-संस्थांसाठी अडवणुकीचं एक साधन होतं. ते चालवलं की विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, ‘डू नॉट अलाउ आयई ८०’ किंवा ‘आयई ९०’ अशा नावाची एक नोंद व्हायची आणि तिची किंमत १ ठेवली जायची. एवढ्याशा नोंदीने आपोआप येणारी आवृत्ती थांबायची. हाताने बसवायची झाली तर बसवता यायची. या नोंदीला मुदत नव्हती. ज्यांच्याकडे संगणक सांभाळणारा माणूस आहे त्यांना ही सोय पुरेशी होती.

त्याच वर्षी फायरफॉक्सला उलट अनुभव आला होता. मार्च २०११ मध्ये फायरफॉक्स ४, जूनमध्ये ५, आणि ५ येताच ४ चे सुरक्षा पॅच बंद. मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक विभाग चिडले. त्यांची ४ ची चाचणीही पुरी झाली नव्हती. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने जानेवारी २०१२ मध्ये त्यावर दीर्घ मदतीची वेगळी शाखा जाहीर केली: सुविधा साधारण वर्षभर गोठवलेल्या, सुरक्षेचे पॅच मात्र नियमित. तक्रार ऐकून काढलेला तो तोडगा आजवर टिकला आहे.

जिथे हा निर्णय पोचला नाही

ज्यांचं ऑटोमॅटिक अपडेट बंद होतं त्यांच्यापर्यंत हे काही आलंच नाही. आणि सर्वांत जुने, सर्वांत धोक्यातले संगणक बहुतेक त्यातच होते.

एक्सपीमध्ये ऑटोमॅटिक अपडेटची खिडकी उघडली की चार गोल बटणं दिसायची. पहिलं, सगळं आपोआप, शेजारी हिरवी ढाल. दुसरं, उतरवून ठेवा पण बसवायचं मी ठरवेन. तिसरं, फक्त कळवा. चौथं, बंद, शेजारी लाल ढाल. आपल्याकडच्या गल्लीतल्या दुकानात जुळवून घेतलेल्या संगणकांत आणि सायबर कॅफेंत हे चौथं बटण दाबलेलं नेहमी आढळायचं. घड्याळाशेजारी लाल ढाल कायम असायची आणि तिच्याकडे कुणी पाहायचं नाही. दुकानदार संगणक हवाली करतानाच बजावायचा, “काका, ते अपडेट बंदच राहू द्या. चालू केलंत तर स्क्रीन काळी पडेल.”

ही भीती हवेतून आली नव्हती. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची प्रत अस्सल आहे का हे तपासणारा प्रोग्राम याच अपडेटच्या वाटेने, महत्त्वाचं अपडेट म्हणून पाठवला. तो रोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क साधतो हे उघड झाल्यावर टीका झाली आणि तो बदलावा लागला. २००८ मध्ये त्याच्या नव्या रूपात, प्रत अस्सल नसेल तर एक्सपी प्रोफेशनलच्या पडद्याची पार्श्वभूमी दर तासाला काळी होऊ लागली. वापरकर्त्याने ती बदलली तरी तासाभरात पुन्हा काळी. लोकांनी यातून एकच धडा घेतला, की अपडेट म्हणजे तपासनीस. खरं म्हणजे सुरक्षेचे महत्त्वाचे पॅच बनावट प्रतींनाही ऑटोमॅटिक अपडेटमधून मिळत होते. हे मायक्रोसॉफ्टचं जाहीर धोरण होतं. आयई ७ ला सुरुवातीला अस्सलपणाची अट होती, तीही ऑक्टोबर २००७ मध्ये सगळ्यांच्या सुरक्षेसाठी म्हणून काढली गेली. पण एकदा लाल ढाल दिसायची सवय झाल्यावर हे सांगायला कोण जाणार? परवाना न घेतलेली प्रत वापरणं चूक होतं, याबद्दल माझं दुमत नाही. मात्र परवान्याची वसुली आणि सुरक्षेची दुरुस्ती एकाच दारातून पाठवल्यामुळे लोकांनी दारच बंद केलं. आयई ६ भारतात रेंगाळण्यात या बंद दाराचा मोठा हात होता असं मी मानतो.

पुढे काय झालं

मे २०१२ मध्ये ब्राउझरांचा वापर मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या मोजणीत क्रोमने इंटरनेट एक्स्प्लोररला मागे टाकलं. आयई ६ ओसरला त्यात डिसेंबर २०११ च्या निर्णयाचा वाटा किती आणि नव्या संगणकांचा, नव्या फोनांचा, क्रोमचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की १२ जानेवारी २०१६ पासून प्रत्येक विंडोजवर मिळू शकणाऱ्या सर्वांत नव्या आयईलाच पॅच मिळतील. कंपन्यांसाठी आयई ११ मध्ये जुन्या पानांना जुन्या पद्धतीने दाखवणारी सोय दिली होती, त्यामुळे हे सुसह्य झालं. पण २०११ मध्ये नकार देणाऱ्याला दिलेलं आश्वासन यात विरलं: नकार देता येत होता, पॅच मात्र मिळणार नव्हते. अभियंत्यांच्या बाजूने पाहिलं तर अनेक जुन्या आवृत्त्या एकाच वेळी सांभाळणं महाग असतं आणि त्यातून नव्या चुका होतात. ते मला पटतं. तरी पाच वर्षांच्या आत शब्द बदलला, ही वस्तुस्थिती राहते.

खरं नुकसान २०१५-१६ मध्ये झालं. विंडोज ७ आणि ८.१ च्या लोकांना विंडोज १० वर नेण्यासाठी अपडेटच्याच वाटेने एक सूचना देणारा प्रोग्राम आला. फेब्रुवारी २०१६ पासून संपूर्ण विंडोज १० ‘शिफारस केलेलं अपडेट’ म्हणून उतरू लागलं. मे महिन्यात त्या खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की ठरलेल्या वेळेला अपग्रेड मान्य आहे असा अर्थ घेतला जाऊ लागला. गेली वीस-पंचवीस वर्षं फुली म्हणजे ‘नको, बंद कर’ हे सगळ्यांना ठाऊक होतं. जूनअखेर कंपनीने हे मागे घेतलं, आणि आपण मर्यादा ओलांडल्याचं तिच्या विपणन प्रमुखांनी पुढे जाहीरपणे मान्य केलं. मधल्या काळात कितीतरी लोकांनी विंडोज अपडेटच बंद करून टाकलं. त्यांच्याकडे विंडोज १० गेलं नाही, पण सुरक्षेचे पॅचही गेले नाहीत. २००६ ची चूक दहा वर्षांनी, त्याहून मोठ्या प्रमाणावर झाली.

इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा विंडोज १० च्या बहुतेक आवृत्त्यांवरचा आधार १५ जून २०२२ ला संपला. १४ फेब्रुवारी २०२३ ला मायक्रोसॉफ्टच्याच एज या नव्या ब्राउझरच्या अपडेटमधून तो कायमचा बंद केला गेला. आयईचं चिन्ह दाबलं की एज उघडू लागला. काढून टाकण्याची आणि परत मागे जाण्याची २०११ ची सोय तेव्हा उरली नव्हती. ज्यांची कामं अडणार होती त्यांना एजच्या आत आयईची पद्धत ठेवली, ती किमान २०२९ पर्यंत चालणार आहे.

आजचा प्रश्न

आज ब्राउझर आपोआप अपडेट व्हावा का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. क्रोमने २०२१ मध्ये दर चार आठवड्यांनी मोठी आवृत्ती काढायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दर आठवड्याला सुरक्षेचं अपडेट द्यायला. क्रोम ज्यावर बेतला आहे त्या क्रोमियमचा स्रोत-कोड सर्वांना उघडा असल्याने दुरुस्ती तिथे दिसते आणि वापरकर्त्यापर्यंत नंतर पोचते. मधला सरासरी काळ आधी ३५ दिवसांचा होता, नंतर १५ दिवसांवर आला, आणि तो आणखी घटवण्यासाठी आठवड्याचं चक्र आणलं गेलं. मी ओळखीच्यांना आग्रहाने सांगतो की आपोआप अपडेट चालू ठेवा, आणि कोपऱ्यात ‘रीलाँच’ दिसलं की आठवडाभर ताटकळवू नका. पंधरा दिवस ब्राउझर बंदच न करणाऱ्याचं अपडेट उतरलेलं असतं पण लागलेलं नसतं.

वाद आहे तो त्या अपडेटबरोबर आणखी काय काय येतं यावर. जून २०२४ पासून क्रोमने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद करायला सुरुवात केली आणि २०२५ च्या मध्यापर्यंत ती सर्वांसाठी बंद झाली. त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्टा अडवणारं, लाखो लोकांच्या भरवशाचं एक्स्टेन्शनही गेलं. गूगलचं म्हणणं की नव्या पद्धतीत एक्स्टेन्शनला बाहेरून कोड आणून चालवता येत नाही आणि परवानग्या आवळलेल्या असतात. हे सुरक्षेचं खरं कारण आहे. एक्स्टेन्शनच्या आडून झालेल्या फसवणुका मी पाहिल्या आहेत. पण जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीने जाहिराती अडवण्याची ताकद कमी करणारा बदल आणि मेमरीच्या त्रुटीची दुरुस्ती एकाच अपडेटमध्ये घालावी, आणि एक नको असेल तर दुसरीही मिळू नये, ही रचना मला मान्य नाही. कंपन्यांना धोरणाची एक नोंद करून जून २०२५ पर्यंत जुनी एक्स्टेन्शन्स चालू ठेवता आली. घरच्या वापरकर्त्याला अशी अधिकृत सोय नव्हती. २०११ मध्ये संस्थेला रजिस्ट्रीतली नोंद होती, तसा घरच्या माणसाने आधीच्या खिडकीत दिलेला ‘नको’ही पाळला गेला होता.

दुसरी वाट निघू शकते हे फायरफॉक्सने दाखवलं आहे. क्रोमने विंडोज ७ आणि ८.१ चा आधार २०२३ च्या सुरुवातीला, ११० व्या आवृत्तीपासून सोडला. फायरफॉक्सच्या ११५ क्रमांकाच्या दीर्घ मदतीच्या शाखेला मात्र याच जुन्या विंडोजसाठी सुरक्षेचे पॅच मिळत राहिले आणि ती मुदत मोझिलाने पुन्हा पुन्हा वाढवली. नव्या सुविधा तिथे येत नाहीत, कुणी त्या मागतही नाही. ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या किंवा छोट्या दुकानाच्या जुन्या संगणकावर आज ब्राउझर बसवायचा झाला, तर तिला पॅच मिळत आहेत तोवर मी तीच शाखा बसवतो आणि अपडेटचं बटण ‘आपोआप’वर ठेवतो.